नजरेचं माप

माझ्या वडलांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. सकाळी पोस्टमन येऊन गेला की ते मायला सांगत, "अडतीस-तीस आलता, पत्र देऊन गेला." गावात कोणी वारलं आणि निरोप्या दुकानाशी येऊन नाव सांगू लागला, की बाबांचा चेहरा कोरा. "कोन बे? मी नाई ओळखत." निरोप्या बिचारा घर सांगायचा, धंदा सांगायचा, भावकी सांगायचा. शेवटी 'ते नाही का, एका अंगानं चालायचे' असं काही निघालं की बाबा मशीन थांबवत. "अरे अरे अरे! एकोनचाळीस-चौतीस! डावा खांदा पाऊन इंच उतरता! लय सोजवळ मानूस होता बापा." आणि खरोखर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मेहकरच्या बाजारओळीत आमचं शिवणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि मध्ये उरल्यासुरल्या तुकड्यांचा जोडून केलेला पडदा. पडद्याच्या अलीकडे बाबा टेलर मास्तर होते. पलीकडे मायचं राज्य होतं. पुढे मी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत लागले आणि घरात दोन मास्तर झाले. "एक माप घेते, दुसरी मापं काढते," असं माय म्हणायची.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, भाषणं नवी, भाषणं करणारे नवे. कपडे मात्र सगळे बाबांकडेच शिवत. बाबांच्या गळ्यात टेप असायची, पण ती डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखी, समोरच्याचं समाधान व्हावं म्हणून. ते ती गिऱ्हाइकाच्या छातीला लावत, पण आकड्याकडे बघत नसत. माप त्यांनी आधीच घेतलेलं असे, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच. एकदा खामगावच्या एका कापडवाल्यानं त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून स्वतःची टेप काढली. पाव इंचाचा फरक निघाला. बाबा शांतपणे म्हणाले, "तुमची टेप पाहा." पाहिली, तर टेपेचं टोक झिजून पाव इंच गेलेलं. त्या दिवसापासून त्या माणसानं आयुष्यभर आपलं कापड मोजून घेतलं नाही. बाबांनी नुसतं बघितलं की त्याला पुरे.

"आंग सांगते ना बापा," हा त्यांचा शब्द. माणूस तोंडानं काही बोलो, अंग सांगतं. कुठला खांदा उतरला, कुठली मांडी भरली, मान कोणत्या बाजूला झुकली, यावरून ते माणसाचा धंदा, सासुरवाडी आणि पोटातला हेतू सांगत. बालाजीच्या देवळात गेले तर इतर लोक हात जोडून डोळे मिटत. बाबा हात जोडून डोळे उघडे ठेवत. "खांदे पाहून घे," ते माझ्या कानात म्हणत. "दोन्ही सारखे. साऱ्या मेहकरात एकच गिऱ्हाईक असं."

काम मात्र बैलासारखं करत. पहाटे इस्त्रीचे कोळसे फुलले की मशीन सुरू, ते दिवेलागणीपर्यंत. पायाला इतकी सवय झालेली, की पाटावर जेवायला बसले तरी उजवा पाय हलत राही. माय म्हणायची, "अजी, भाकर शिवून राह्यले काय?"

माझ्या लग्नाचं पहिलं स्थळ आलं ते या विद्येपायी गेलं. मुलगा बुलढाण्याकडचा, अंगात टेरिलिनचा बुशशर्ट, केसांना वासाचं तेल. त्याचे मामा सांगत होते, पोरगा राजकारणात आहे, मोठमोठ्या माणसांच्या अगदी जवळ असतो. बाबांनी पोरगा पायरी चढताना एकदा बघितला, मग सरळ होऊन बसले. पोह्यांच्या बशा अर्ध्या झाल्या होत्या.

"बॅग कोनाची धरता जी?" त्यांनी विचारलं.

पोराचा घास घशातच राहिला. "म्हणजे?"

"उजवा खांदा एक इंच खाली हाये. रोज वजन धरल्याबिगर असं होत नाई. कोनाची?"

पोरगा लाल झाला. बॅग भाऊसाहेबांची होती. पंचायत समितीच्या सभापतींची. मामा उठले, त्यांच्या मागून पोरगा उठला, उजवा खांदा शक्य तेवढा वर धरून गेला. मला फार वाईट वाटलं असं नाही, पण निदान पोहे तरी संपू द्यायचे होते.

आता भाऊसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. हे गृहस्थ पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते सायकलवरून, खेड्यातून, अंगावर एकच सदरा. कंबर एकोणतीस. निवडणुकीला उभे राहणार होते, म्हणून जाकीट शिवायचं होतं. शिवणीच्या आत पुढे कामाला यावं म्हणून जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. साधारण अर्धा इंच सोडतात. बाबांनी भाऊसाहेबांच्या जाकिटात दोन इंच माया सोडली. मायनं विचारलं, "इतकं कापड काऊन वाया घालवता?" बाबा म्हणाले, "निवडून येते हा."

आले. आणि वर्षभरात माया संपली. दुसरं जाकीट शिवलं, तिसरं शिवलं. आमच्या गावाला बाहेरच्या जगाच्या बातम्या वर्तमानपत्रातून कळत आणि तालुक्याच्या बातम्या बाबांच्या मापाच्या वहीतून. कंबर एकतीस झाली तेव्हा गावात विहिरींची योजना आल्याचं कळलं. तेहतीसला रस्ता. पस्तीसला बंधारा. "योजना पहिले कमरेले येते," बाबा म्हणत, "मंग जमलं तं गावाले येते." यात त्यांचा विरोधी पक्ष वगैरे काही नव्हता. हवामान खात्याचा माणूस पाऊस सांगतो तसं ते सांगत.

मग आमच्या शाळेला दोन खोल्या नव्या बांधल्या गेल्या, आणि उद्घाटनाला भाऊसाहेब आले. मंडप, हार, लाउडस्पीकर. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींच्या रांगेशी मी उभी होते. पालकांबरोबर बाबाही तिसऱ्या ओळीत बसले होते. भाऊसाहेबांचं भाषण रंगात आलं.

"लोक म्हणतात, खुर्ची मिळाली की माणूस बदलतो," ते म्हणाले. "मी तुमच्यापुढं उभा आहे. पाहा! सायकलवर येत होतो तेव्हा होतो, तसाच आजही आहे. तसूभरही बदललो नाही!"

दुसरा कुठलाही शब्द असता तर बाबा गप्प बसले असते. पण तसू हे माप आहे, आणि मापाची चूक त्यांच्यादेखत कोणी करावी हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. ते उठून उभे राहिले. मी डोळे मिटले.

"साहेब, सहा इंच," ते अदबीनं म्हणाले.

"काय?"

"कमरेले सहा. छातीले दोन. मानीले एक. तसूभर कसं म्हनता जी?"

आधी पोरं हसली, मग पालक, मग लाउडस्पीकरवाला. व्यासपीठावरचे लोक रुमालात खोकू लागले. बाबा इकडेतिकडे बघत राहिले. लोक का हसतात ते त्यांना कळेना. घरी येताना मला म्हणाले, "हसाचं काय होतं बाई त्यात? मी कमीच सांगतलं. सात होते."

आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. तालुक्यातल्या शाळांचे गणवेश दरवर्षी बाबा शिवत. ते काम दुसऱ्या गावच्या टेलरकडे गेलं. आणि माझी बदली झाली, पैनगंगेच्या पलीकडे अशा गावी, की बस नदीच्या अलीकडेच थांबायची आणि पुढे दोन कोस चालावं लागायचं.

मग एक दिवस तोच बॅगवाला पोरगा आला. मी पडद्यामागे सामान बांधत होते.

"मास्तर, साहेब मोठ्या मनाचे आहेत," तो म्हणाला. "तुम्ही चार लोकांत एवढंच म्हणा, की चूक झाली, कापड आटलं होतं. ताईंची बदली उद्या रद्द."

"कोनतं कापड आटलं?"

"कोणतंही म्हणा हो."

"मी रातभर पान्यात भिजवल्याबिगर कापडाले कात्री लावत नाई. आटलं म्हनू? गिऱ्हाइकं काय म्हनतीन?"

"मग माप चुकलं म्हणा."

"ते तं त्याहून वाईट."

पोरगा बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा घासाघीस करू लागला. "बरं, सहाच्या जागी चार म्हणा. निदान पाच?"

"सहा म्हनलो ते बी माह्याकडून चुकलं," बाबा गंभीरपणे म्हणाले. "साहेबाले सांगा, सात हायेत."

तो गेल्यावर मी पडद्याबाहेर आले. फार चिडले होते. "बाबा, माझ्यासाठी एक इंच खोटं बोलता येत नव्हतं तुम्हाला? एक इंच?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खांद्यांकडे नाही, तोंडाकडे. "एक इंच खोटा पडला तं सारं कापड तिरपं बसते, बाई," ते म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

मी नदीपलीकडे गेले. दर शनिवारी घरी यायची, पण बाबांशी बोलायची नाही. ते विचारत, "आली काय?" मी मायला सांगे, "आले म्हणावं." असे दोन महिने गेले.

त्या हिवाळ्यात माय आजारी पडली. खरं म्हणजे ती आजारी आहे हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. बाबा कापड बेतत होते, आणि पडद्याच्या फटीतून त्यांना मागच्या अंगणात लुगडं वाळत घालणारी माय पाठमोरी दिसली. त्यांनी कात्री खाली ठेवली. गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, दुकानाची फळी लावली आणि मायला म्हणाले, "चाल, डाक्टरकडे जाचं हाये." बाजाराच्या दिवशी आमचं दुकान त्याआधी कधीच बंद राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? माय म्हणाली, काहीच नाही, थोडा खोकला. बाबा म्हणाले, "पाठीत पाऊन इंच कमी झाली." डॉक्टर हसले. पण बुलढाण्याला नेऊन छातीचा फोटो काढला तेव्हा हसू थांबलं. क्षय होता. अगदी सुरुवातीचा. इतक्या लवकर कोणी आणत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, बरी होईल, फक्त मन खचू देऊ नका. आधी काही महिने वजन आणखी उतरेल, तेव्हा घाबरायचं नाही.

पण माय घाबरली होती. तिची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली होती, आणि मायनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "औषधाचं काही खरं नाई," ती मला म्हणाली. "बहिनीचं पोलकं खुंटीवर टांगल्यावानी दिसाले लागलं, त्याच्या दोन महिन्यानं गेली ते. मी बी पोलकं पाहून राह्यली रोज."

ती खरंच रोज बघायची. आंघोळ झाली, पोलकं चढवलं, की पाठीमागे हात नेऊन चिमटीत कापड धरून बघायची. आणि कापड चिमटीत येत नसे. पोलकं जसंच्या तसं बसत होतं. हातातल्या बांगड्या सैल झाल्या तेव्हा बाबांनी कासाराला शिव्या घातल्या. "मोठ्या भरल्या त्यानं! आजकाल माप घ्याची अक्कलच राह्यली नाई कोनाले." आणि लहान भरून आणल्या. शेजारणी भेटायला आल्या की माय पाठ दाखवायची. "कुठी वाळली मी? पोलकं पाहा ना. तस्संच बसते." शेजारणी तिच्या गालांकडे बघत आणि 'हो बाई' म्हणत.

त्याच सुमारास भाऊसाहेबांचं नवं जाकीट भर सभेत, मंत्र्यांना हार घालताना पाठीत उसवलं. नव्या टेलरनं साहेबांना बरं वाटावं म्हणून वहीत बत्तीस लिहिलं होतं आणि बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे बत्तीसचंच शिवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो बॅगवाला पोरगा कापड घेऊन आमच्याकडे आला. माप द्यायला साहेब येणार नव्हते. "अंदाजानं शिवा," तो खाली बघत म्हणाला, "आणि बोलू नका." भाऊसाहेबांची जीप बाजारओळीतून गेली तेवढ्यात बाबांनी माप घेतलं. जाकीट असं बसलं की विचारू नका. माझी बदली मात्र रद्द झाली नाही. साहेबांचं अंग माफ करायला तयार होतं, मन नव्हतं.

एका रविवारी मी मायचे कपडे धुवायला काढले. पोलक्याचा एक हूक निघाला होता, म्हणून ते उलटं केलं, आणि बघतच राहिले. बगलेखालच्या शिवणीत आतल्या बाजूनं एकीशेजारी एक मशीनच्या पाच टीपा होत्या. सगळ्यात बाहेरची जुनी, तिच्या आत पाव इंचावर दुसरी, मग तिसरी, चौथी, पाचवी. मी दुसरं पोलकं उलटं केलं. त्यातही पाच. तिसऱ्यातही. पंधरा-पंधरा दिवसांनी, माय आंघोळीला किंवा इंजेक्शनाला गेली की तो माणूस तिची तीनही पोलकी पाव पाव इंच आत घेत होता. भाऊसाहेबांसाठी, माझ्यासाठी, साऱ्या तालुक्यासाठी ज्यानं अर्धा इंच सोडला नाही, त्यानं घरात पडद्याच्या पलीकडे पूर्ण एक इंच गिळला होता.

पोलकं हातात घेऊन मी तशीच मायकडे गेले. काय बोलणार होते कोण जाणे. ती खाटेवर बसली होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

"पाह्यलं काय?" ती म्हणाली. "बोलू नको त्याइले."

"तुले माहीत हाये?"

"मास्तरीन हायेस अन् असं इचारतेस? वीस वर्सं त्याइच्या तुरपाया केल्या मी. नवी टीप मले समजत नसन काय?"

"मग बोलत काऊन नाहीस?"

माय हसली. हसताना खोकला आला, तो जाऊ दिला. "जलमात एक लबाडी केली त्या मानसानं. आता पकडली म्हनून कशाले सांगू?" मग पोलकं माझ्या हातातून घेऊन मांडीवर सपाट करत म्हणाली, "अन् खरं सांगू? घातलं का बरं वाट्टे. अंगाले बसते नं."

त्या संध्याकाळी मी नदीपलीकडे परत निघाले तेव्हा बाबा मशीनवर होते. मी म्हटलं, "येते बाबा." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "नदीतून नीट जाय."

इंजेक्शनांनी गुण दिला. उन्हाळा संपता संपता माय भरू लागली. आणि तिथून खरी पंचाईत झाली. पोलकं घट्ट होऊ लागलं, पण मायला तसं म्हणता येईना, कारण घरातल्या हिशेबानं तिचं माप कधी उतरलंच नव्हतं. बाबांना ते नजरेनं दिसत होतं, पण तेही बोलू शकत नव्हते. दोघं एकमेकांसमोर काही न झाल्यासारखी वावरत होती, आणि माय श्वास आखूड घेत होती.

एका रविवारी सकाळी ती दुखण्यानंतर पहिल्यांदाच एकटी बालाजीला गेली. मी आत भाजी निवडत होते. पुढून मशीनचा आवाज थांबून थांबून येत होता, म्हणून पडदा सारला. बाबांच्या मांडीवर मायचं पोलकं होतं, दातात दोरा, हातात ब्लेड. ते सर्वांत आतली टीप उसवत होते, आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. बाबांना गाणं येतं हे मला माहीतच नव्हतं. मला बघून ते दचकले.

"हूक तुटला होता," ते म्हणाले.

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं नाही. मग हळूच म्हणाले, "एक बाजू राह्यली. तुही माय कुठवर आली ते पाह्य बरं जरा."

मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं ती ओळीच्या टोकाशी दिसली, हातात प्रसादाचा नारळ, चालणं संथ. ती जवळ आली तशी मी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं, "आलीस काय वो, माय?"

माय थांबली. माझ्याकडे बघितलं, मग दुकानाकडे. आतून मशीन घाईघाईनं धावत होतं. तिनं पदर सावरला, शेजारच्या वाणिणीच्या दाराशी वळली आणि घरात भरपूर असलेल्या हळदीचा भाव विचारत उभी राहिली, मशीन थांबेपर्यंत.